दोन्ही मुळं १ पेक्षा मोठी हवीत: बेरीज-गुणाकारावर का भागत नाही?

प्रश्न:
क्ष² − २मक्ष + म + २ = ० ची दोन्ही मुळं १ पेक्षा मोठी असण्यासाठी म ची किंमत काढायची आहे. विवेचक (वर्गमुळाखाली येणारी राशी, इथे ४म² − ४(म + २)) ≥ ०, मुळांची बेरीज > २ आणि गुणाकार > १ घेतला की म ≥ २ येतं. पुस्तकात २ ≤ म < ३ आहे. ही ३ ची मर्यादा कुठून आली?

उत्तर १:
म = ६ घालून बघा. क्ष² − १२क्ष + ८ = ०, मुळं ६ ± √२८, म्हणजे साधारण ११.२९ आणि ०.७१. तुमच्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या, तरी एक मूळ १ च्या अलीकडेच राहिलं. मोठं मूळ लहान मुळाची कसर भरून काढतं. तुलना ० शी असती तर बेरीज आणि गुणाकार धन असणं पुरलं असतं. इथे मुळं प आणि ब धरून आधी प्रत्येक मुळातून १ वजा करा: (प − १)(ब − १) > ०, म्हणजे गुणाकार − बेरीज + १ > ०. त्यावरून ३ − म > ०.

डावी बाजू फ(क्ष) म्हटली, तर ३ − म म्हणजेच फ(१). म्हणून आलेख काढूनच अटी लिहाव्यात: विवेचक ≥ ०, आलेखाचा सममिती-अक्ष क्ष = म हा १ च्या उजवीकडे, फ(१) > ०. अक्षाची अट गाळली तर म ≤ −१ सुद्धा आत शिरतं. तिथे दोन्ही मुळं १ पेक्षा लहान असतात.

उत्तर २:
एक मूळ १ च्या अलीकडे, एक पलीकडे हवं असेल तर फ(१) < ० एवढंच पुरे, म > ३. अन्वस्त (फ चा आलेख) वर उघडतो आणि १ पाशी खाली आहे, म्हणजे तो क्ष-अक्षाला दोनदा छेदणारच. विवेचक वेगळा तपासायला नको. क्ष² चा सहगुणक अज्ञात असेल तर मात्र सहगुणक × फ(१) < ० लिहा.

प्रश्नकर्ता:
आणि १ व ३ च्या दरम्यान नेमकं एकच मूळ हवं असेल तर?

उत्तर १:
फ(१)·फ(३) < ०. म्हणजे (३ − म)(११ − ५म) < ०, म्हणून ११/५ < म < ३. इथे थांबू नका, टोकं हाताने तपासा. गुण तिथेच जातात. म = ११/५ ला मुळं ३ आणि १.४, त्यातलं १.४ आत आहे, म्हणून ही किंमत घ्यायची. म = ३ ला मुळं १ आणि ५, आत एकही नाही, ती सोडायची. म = २ ला २ हे मूळ दोनदा येतं. प्रश्नात ‘भिन्न मुळं’ असा शब्द आहे का, ते वाचूनच ती किंमत ठरवा.