पाण्यावरून बर्फावर जाताना

स्लॅलम वॉटरस्कीइंग (बोटीमागे दोरी धरून, एकाच स्कीवर वळणं घेत पाण्यावरून घसरणं) येणाऱ्याला बर्फावरचं स्कीइंग आपोआप जमतं, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. नातं जुनं आहे खरं: १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसनने बर्फावरचीच कल्पना पाण्यावर आणली. वाकलेले गुडघे, स्कीच्या कडेवर उभं राहण्याची सवय आणि वेगाची न वाटणारी भीती, एवढं थेट कामाला येतं.

घोळ होतो तो वजनाचा. पाण्यावर बोट ओढते, म्हणून आपण दोरीच्या विरुद्ध मागे रेलतो. बर्फावर ओढणारं कुणी नसतं. तिथे मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळण घेत नाहीत आणि मांड्या भरून येतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सतत टेकलेली हवी. तिथला दाब सुटला की समजायचं, आपण मागे गेलो. हात पुढे, नजरेच्या टप्प्यात.

दुसरी सवय वळणात आत झुकण्याची. पाण्यावर अख्खं अंग आत टाकलं तरी दोरी सावरते. बर्फावर तसं केलं की वजन आतल्या स्कीवर जातं आणि बाहेरची निसटते. गुडघे आत, पण खांदे बाहेरच्या स्कीवर ठेवा. सुरुवात अगदी सौम्य उतारावर, हळू वेगात करा.

आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारा खटका, वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य सांगून दुकानातच लावून घ्या. पाण्यात हँडल सोडून सुटता येतं, इथे पाय सोडवायला बाइंडिंगच आपोआप उघडावं लागतं.