तैवान नक्की देश आहे की नाही?

भटक्या_७७: ऑलिम्पिकमधे यांना 'चायनीज तैपेई' का म्हणतात? पासपोर्ट वेगळा, सैन्य वेगळं, राष्ट्राध्यक्ष निवडून येतो, मग घोडं अडलंय कुठं?

चहाबाज: घोडं १९४५ पासून अडलंय. १८९५ ला चीनने बेट जपानला दिलं, ५० वर्षांनी जपान हरला आणि चीनमधल्या तेव्हाच्या चँग कै शेकच्या सरकारने ताबा घेतला, पण १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने हक्क सोडला फक्त, कुणाला दिला ते लिहिलंच नाही! त्याआधीच १९४९ ला चीनमधल्या यादवी युद्धात कम्युनिस्टांचा माओ जिंकला आणि चँग सगळं बिऱ्हाड घेऊन तैपेईला, म्हणजे तैवानच्या आताच्या राजधानीत. त्यांचं अधिकृत नाव अजून रिपब्लिक ऑफ चायनाच.

निवांत: आणि युनोत चीनची खुर्ची १९७१ पर्यंत याच तैपेईवाल्यांकडे होती बरं का.

कोपरकर: लोकशाहीचं कौतुक करताना हेही बघा, मार्शल लॉ १९८७ पर्यंत होता, आणि १९४७ ला चँगच्या सैन्याने तैवानी लोकांचं केलेलं हत्याकांड, त्याची तर घरातसुद्धा बोलायची चोरी. राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक थेट १९९६ ला.

भटक्या_७७: म्हणजे संसार वेगळा पण सातबाऱ्यावर वाद :) मग आपण मान्यता दिलीय का?

चहाबाज: नाही, १९५० पासून बीजिंगलाच. दिल्लीत त्यांची वकिलात नाही, 'आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र' आहे, व्हिसाचं काम तिथंच होतं.