पेशंट कुठे बसलाय ते आधी विचारा
बरेचजण म्हणतात, 'एनबीसीओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्टची देशपातळीवरची परीक्षा) पास झालं की अमेरिकेत कुठेही ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार, करता येते.' नाही हो! परीक्षा देशभर एक, पण लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं. मुंबईतून शिकून आलेल्यांना तर त्या परीक्षेला बसण्याआधीच पात्रता तपासून घ्यावी लागते, ते दुखणं वेगळंच.

व्हिडिओवर थेरपी देताना तर नियम आणखी चकवतो. तुम्ही कुठे आहात याने भागत नाही, पेशंट त्या क्षणी ज्या राज्यात आहे तिथली परवानगी हवी. माझ्या पेशंट असलेल्या एक आजी स्ट्रोकनंतर स्वेटरची बटणं लावायचा सराव करत होत्या. एके दिवशी मागची खिडकी वेगळी दिसली. म्हणाल्या, "लेकीकडे आलेय." लेक शेजारच्या राज्यात! तिसऱ्या बटणावर सेशन थांबवावं लागलं. तेव्हापासून पहिला प्रश्न, "आज कुठून बोलताय?"

ओटी कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या सभासद राज्यात काम करू देणाऱ्या राज्यांमधल्या करारामुळे, हे सुटेल म्हणतात, पण अर्धंच. २०२२मध्ये दहावं राज्य सामील झालं आणि करार अस्तित्वात आला. आता तीसहून जास्त राज्यांनी कायदा केलाय. पण कायदा झाला म्हणजे परवानगी मिळायला लागली असं नाही, प्रत्येक राज्याची यंत्रणा जोडली जावी लागते. शिवाय तुमचं राहतं राज्य सभासद हवं आणि लायसन्सही तिथलंच हवं. कॅलिफोर्नियात राहत असाल तर हा रस्ता बंद. मग जुनाच मार्ग: नवा अर्ज, अनेक ठिकाणी बोटांचे ठसे, आणि आधीच्या प्रत्येक राज्याकडून पडताळणीचं पत्र. त्या पत्रांची वाट बघण्यातच खरा वेळ जातो, म्हणून ती आधी मागवा.