मुद्दा फक्त बर्गरचा नाही

अमेरिकेत कॉलेज करणारी व्हिएतनामी वंशाची मुलं अमेरिकन झाली, बर्गर-कोकवर आली, म्हणून वजन वाढलं, असं एक म्हणणं आहे. मला हे फार सरधोपट वाटतं.

१९७५ मध्ये युद्धात सायगाव पडल्यावर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांची मुलं-नातवंडं आज कॉलेजात आहेत. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर, सॅन होजे या भागांत घरी राहून कॉलेज करणारी मुलंही असतात. दिवसभर गाडी, लेक्चर, पार्टटाइम नोकरी. मधल्या वेळेत मिळेल ते पोटात. रात्री आईच्या हातचं फो म्हणजे नूडल्सचं सूप, वर तुळस, मोड आलेले मूग, लिंबू. म्हणजे एकाच पोटात दोन्ही देश! आणि घरचं ते सगळं हलकंच, असंही नाही. कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी किंवा तुकडा तांदळाच्या भातावर भाजलेलं पोर्क आणि तळलेलं अंडं हे अस्सल व्हिएतनामीच आहे.

त्याहून मोठी काळजी मोजमापाची. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन ६१ किलो असेल, तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४च्या आत. २५पासून जास्त वजन धरणाऱ्या नेहमीच्या तक्त्यात ती 'नॉर्मल'. पण आशियाई शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ हा धोक्याचा टप्पा सुचवला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई अमेरिकनांची मधुमेह तपासणी २३ला सुरू करायला सांगितलंय. हा आकडा आपल्यालाही लागू आहे. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो जरूर कळवा.