मदत हवी आहे: टाटाच्या जुन्या ४०७ ट्रकमध्ये सीटबेल्टचा पट्टा असलेली सीट बसवायची आहे

गुळगाडी:
नमस्कार मंडळी. घरची १९९८ ची ४०७ आहे, केबिन मधल्या काळात एकदा बदललेली. हंगामात गुऱ्हाळावरून शाहू मार्केट यार्डात गूळ पोचवायचा, एरवी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणातलं भाडं. आजवर वडील चालवायचे. आता धाकटा स्टिअरिंगवर बसतोय आणि आईनं हट्ट धरलाय, पट्टा लावल्याशिवाय घाटात पाठवणार नाही. गाडीला पट्टाच नाही.

भंगारात एका नव्या मोठ्या ट्रकच्या दोन सीटा बघितल्यात. पट्टा सीटच्या पाठीतूनच निघतो, खांद्यापाशी. कुशन एकदम करकरीत. मला वाटलं सोपं काम आहे, चार भोकं पाडायची आणि बोल्ट आवळायचे. उद्यमनगरातल्या वेल्डरनं मात्र केबिनच्या फ्लोअरवर अंगठा दाबला. पत्रा टक्‌दिशी आत गेला आणि परत वर आला. "ह्याला माणूस बांधणार व्हय?" एवढंच म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

आता खालून किती जाडीची प्लेट लावू? का सरळ चासीवर, म्हणजे केबिनखालच्या लोखंडी सांगाड्यावर, अँगल वेल्ड करून त्यावर सीट ठेवू? आणखी एक, सीट आडवी पडली होती तेव्हा पट्टा ओढला तर जागचा हलेना. बिघडलाय का? फक्त बयाणा दिलाय, बाकी पैसे द्यायचेत.

जुना फिटर:
भावा, वेल्डर शहाणा आहे. साध्या गाडीत पट्ट्याची टोकं बहुधा केबिनच्या खांबाला आणि फ्लोअरला असतात, तेव्हा सीटच्या बोल्टांवर पट्ट्याचा ताण येत नाही. तुझ्या सीटला मात्र माणसाचा सगळा झटका त्याच चार बोल्टांवर येणार. ७० किलोचा माणूस, ५० चा स्पीड आणि धडकेत अंग ६० सेंटिमीटरमध्ये थांबलं असं धर. सरासरी जोर ११०० किलोच्या वर जातो. सीटचं स्वतःचं वजन वेगळंच. त्यात खांद्याचा पट्टा ओढतो पाठीच्या वरच्या टोकाला, म्हणजे पहार घालून खुंटा उपटावा तसे मागचे दोन बोल्ट उपटणार. पातळ पत्र्यातून वॉशरसकट येतील.

प्लेट किती जाडीची यापेक्षा ती कशाला जोडणार हे बघ. नुसत्या पत्र्याला जाड प्लेट लावली तर प्लेटसकट पत्रा फाटेल. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत पट्ट्याची टोकं यंत्रानं ओढून तपासतात, आपल्या वेल्डिंगला कोण ओढून बघणार? चासीला तर अजिबात बांधू नको. केबिन रबरावर बसलेली असते. धडकेत ती चासीवरून सरकली की माणूस एकीकडं आणि केबिन त्याच्या अंगावर.

पट्टा बिघडला असेलच असं नाही. रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळणाऱ्या डबीत, गोळी असते, तिरकं झालं की ती सरकून कुलूप लावते. सीट सरळ उभी करून हळू ओढ, सुटेल. झटका दे, अडकेल. पण गाडी ठोकून भंगारात आली असेल तर ताण बसलेला पट्टा परत वापरायचा नसतो. खाली पिवळा प्लग दिसला तर आत पट्टा आवळणारी बारुदाची कांडी असू शकते. त्याला मीटर लावायचा नाही.

आणि सीटखाली हवेचा रबरी फुगा आहे का? तो ब्रेकच्या हवेवर भरतो. ४०७ चे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचे, हवेची टाकीच नाही. फुगा भरणार कशानं, सायकलच्या पंपानं?

केबिन बदललीय म्हणतोस, तर आधी दोन्ही खांबांवर खांद्याच्या उंचीला रबरी बूच शोध. नशीब असलं तर आत नट असेल. मग जुनीच सीट ठेव आणि तीन टोकांचा नवा पट्टा घे. त्याचा बोल्ट बहुधा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. एमएम मधला ठोकून बसवू नको.

गुळगाडी:
दादा, आज बघितलं. फुगाही आहे, पिवळा प्लगही आहे. सीटा नको म्हणून सांगितलं, बयाणा गेला. ड्रायव्हरकडच्या खांबाला बूच निघालं, आत नट, आटे साफ केल्यावर बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेला. क्लीनरच्या बाजूला पण नट आहे, पण गंजून बोल्टाबरोबर तोच गोल फिरतोय. खांब कापून नवा नट बसवता येतो का? तसं असेल तर कोणाकडून करून घेऊ? तोवर त्या बाजूला कुणाला बसवत नाही.