हॉलमधल्या फळ्या: सजवायच्या की भरायच्या?

शेवंती (ठाणे):
मागच्या महिन्यात हॉलच्या भिंतीवर 4-4 फुटांच्या 5 उघड्या फळ्या बसवून घेतल्या. पुस्तकं रंगांप्रमाणे लावली. मध्ये आजीचा पितळी डबा, सावंतवाडीची लाकडी फळं, एक मनीप्लांट. आणि प्रत्येक फळीवर जवळपास तिसरा हिस्सा जागा मुद्दाम मोकळी सोडली. परवा सासूबाई आल्या, पाच मिनिटं निरखून बघितलं आणि विचारलं, "बाकीचं सामान यायचंय का अजून?" नवरा आत जाऊन हसला.

माझं म्हणणं, मोकळी जागा असेल तरच ठेवलेली वस्तू दिसते. आपल्या लहानपणीचं शोकेस आठवा. पाहुण्यांनाही कधी न मिळालेला कपबशांचा सेट, दिवे लागणारा ताजमहाल, प्लास्टिकची द्राक्षं, खोक्यासकट ठेवलेली बाहुली. काचेमागे नुसती दाटी! त्यातली एक तरी वस्तू कोणी थांबून बघितली का? तुम्हाला काय वाटतं?

जुनं खोड:
मी बघितली. बाहुली माझ्या बहिणीची होती आणि तिला हात लावला म्हणून मी मार खाल्लाय. शोकेस ही सजावट नव्हतीच हो, ती घराची वही होती. कोण कुठे गेलं, कोणाला बक्षीस मिळालं, लग्नात काय आलं, सगळी नोंद काचेमागे. तुमच्या फळ्यांवरून घरात कोण राहतं ते कळतं का?

आणि पुस्तकं रंगाप्रमाणे? तीन खंडांचं पुस्तक असेल तर पहिला खंड निळ्यात, दुसरा लालात आणि तिसरा मनीप्लांटमागे. ठाण्यातला चौरस फुटाचा भाव बघता मोकळी फळी म्हणजे दागिनाच म्हणायचा.

रंगारी:
खोडसाहेब, मी चित्रं काढते. मला लेखकाचं नाव आठवत नाही, पण मुखपृष्ठाचा रंग पक्का आठवतो. माझी 300 पुस्तकं रंगाप्रमाणे आहेत आणि हवं ते अर्ध्या मिनिटात मिळतं. घर म्हणजे ग्रंथालय नाही, तिथे क्रमांकाने लावायची सक्ती कशाला?

एक मात्र मला अजिबात पटत नाही. हल्ली फोटोसाठी पुस्तकं पाठमोरी ठेवतात, नाव भिंतीकडे आणि पानांची बाजू बाहेर. सगळं बदामी दिसावं म्हणून. त्यापेक्षा विटा रचाव्यात.

कोनाडा:
तुम्ही दोघंही बरोबर आहात असं म्हणणार नाही, कारण नाही आहात. जुन्या वाड्यात मांडणं आणि साठवणं या दोन कामांसाठी दोन वेगळ्या जागा होत्या. कोनाड्यात पणती किंवा एखादी मूर्ती, बाकी काही नाही. म्हणजे मोकळी जागा काही मासिकांतून आलेली नाही, ती आपल्याकडे होतीच. आणि घरातला पसारा फडताळात. फडताळाला दार असायचं! दीड-दोन फूट जाडीच्या भिंती होत्या म्हणून हे दोन्ही भिंतीच्या पोटात मावायचं. आता भिंत 4 नाहीतर 6 इंचांची, तिच्यात काय कोरणार? म्हणून फळी भिंतीबाहेर आली आणि कोनाड्याचं नि फडताळाचं काम एकाच फळीवर पडलं. भांडण तिथे आहे.

माझं मत: खालच्या दोन फळ्यांना दारं लावा.

हातात फडकं:
एवढी चर्चा झाली, एक प्रश्न राहिला. धूळ कोण पुसतं?

शेवंती:
मी. शनिवारी. (नवरा वरची फळी पुसतो, कारण माझा हात पोचत नाही.)

रत्नागिरीहून:
धुळीचं काय घेऊन बसलात, जुलै येऊ दे. आमच्याकडे उघड्या फळीवरची पुस्तकं आठ दिवसांत दमट होतात, मग बुरशी, मग कसर. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा ठेवा, हवा खेळू दे. गच्च दाबून बसवूही नका. या बाबतीत मी मोकळ्या जागेच्या बाजूने आहे, शोभेसाठी नव्हे. काचेचं कपाट सुरक्षित असा समज असतो, पण एकदा ओल आत अडकली की बंद काचेमागे बुरशी जास्तच धरते.

आजीचा डबाही काळवंडणार. चिंच-मीठ लावून घासायची तयारी असेल तरच पितळ बाहेर मांडा. आमच्याकडे नियम आहे, मांडेल त्याने घासायचं. त्यामुळे मांडणारे एकदम कमी झाले.

ओळंबा:
सौंदर्याचं तुम्ही बघा, मला फळीची काळजी वाटते. नेहमीच्या आकाराची मराठी पुस्तकं फूटभर उभी लावली तर साधारण 6 किलो भरतात. 4 फूट गच्च भरली तर 24-25 किलो, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. 18 मिमी प्लाय आणि आधार फक्त दोन टोकांना असेल तर वर्ष-दोन वर्षांत मध्ये पोट येणार. मधोमध आणखी एक ब्रॅकेट द्या. फुटामागे वजन तेच ठेवून आधारांमधलं अंतर निम्मं केलं की बाक सोळाव्या हिश्शाच्याही खाली येतो. जाडी 18 ऐवजी 25 मिमी केली तर फळी अडीच पटींहून जास्त ताठ होते, पण वजनही वाढतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंत कशाची आहे? नव्या इमारतींत बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, भिंती असतात. त्यांत स्क्रूसाठी ठोकतात तो साधा प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर लागतात. माझ्या बहिणीकडे रात्री 2 वाजता विश्वकोशासकट फळी खाली आली. सुताराला भिंतीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

त्यामुळे मोकळा तिसरा हिस्सा राहू द्या. सासूबाईंना सांगा, इंजिनियरने सांगितलंय.

जुनं खोड:
म्हणजे आता वस्तू कमी ठेवायला भिंतीचं कारण! आमचं शोकेस जमिनीवर चार पायांवर उभं होतं, 35 वर्षं हललं नाही.

ओळंबा:
तेच तर म्हणतोय. जड सामान जमिनीवर उभ्या असलेल्या कपाटात.

शेवंती:
भिंत ब्लॉकचीच निघाली. सुताराला परत बोलावलंय. तोवर जाड पुस्तकं उतरवून दिवाणाखाली ठेवली आहेत, त्यामुळे निळा रंग जवळपास संपला. कोनाडा, दारांचा विचार करतेय, पण खालची एकच फळी, दोन नाही.

आणि हो, सासूबाई काल जाताना मधल्या फळीच्या मोकळ्या जागेत चिनीमातीची बरणी ठेवून गेल्या. वर पांढरी, खाली तपकिरी, दादरा बांधलेली. खरं सांगते, सगळ्या भिंतीवर तीच उठून दिसतेय. रंगारी, फोटो टाकू का?

रंगारी:
टाक! बरणी रिकामी आहे ना?

शेवंती:
कैरीचं लोणचं आहे. हलवायची नाही म्हणाल्यात, मुरतंय.

ओळंबा:
किती किलो?