बर्लिंग्टनचा हिरवा क्लब

"पर्यावरण वगैरे इंग्लंडच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्ससारख्या व्यावसायिक फुटबॉल क्लबना परवडतं, हौशी क्लबना नाही," असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या व्हर्माँट ग्रीन या बर्लिंग्टनच्या फुटबॉल क्लबकडे बघा. बर्लिंग्टन जेमतेम पंचेचाळीस हजार वस्तीचं गाव. २०२२ पासून हा क्लब यूएसएल लीग टू या व्यावसायिक नसलेल्या लीगमध्ये खेळतो. उन्हाळ्यापुरता हंगाम, बहुतेक खेळाडू कॉलेजातली मुलं. पर्यावरणीय न्याय (प्रदूषणाचा भार दुर्बलांवर पडू नये) हे ध्येय क्लबने स्थापनेपासूनच उघडपणे सांगितलंय. आणि खेळात मागे? मुळीच नाही. २०२५ मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद, अंतिम सामन्यात सिएटलच्या बॅलार्ड क्लबवर २-१ अशी मात!

माझ्या मते छोट्या क्लबची खरी ताकद प्रवासात आहे. सामन्याच्या दिवशी सर्वात जास्त कार्बन सोडतात त्या प्रेक्षकांच्या गाड्याच; फ्लडलाइट किंवा प्लास्टिकचे पेले नव्हेत. मैदान गावातच, म्हणजे सायकलने किंवा चालत येता येतं. साखळी सामनेही विभागवार, त्यामुळे संघाला दर आठवड्याला विमान लागत नाही. हे कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे, त्याला अब्जाधीश मालक लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. क्लबच्या घरच्या मैदानावर, व्हर्च्यू फील्डवर, कृत्रिम गवत आहे, आणि अशा गवतातून प्लास्टिकचे बारीक तुकडे झडत राहतात. मैदान विद्यापीठाचं, त्यामुळे निर्णय क्लबच्या हातात नाही हे खरं. तरी क्लबने हा विषय लावून धरावा असं मला मनापासून वाटतं.